रानमेथी नेमकी कोणती? बार्शी रोडवरच्या एका गायरानाचा प्रकरण अभ्यास

सोलापूरची जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उरकून आठवडाही झाला नसेल. रविवारी दुपारी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "मॅडम, आमच्याकडनं घोळ झालाय. येता का बघायला?"

सोलापूरहून बार्शी रोडनं निघालं की नान्नजच्या अलीकडं हे गाव लागतं. गावाच्या गायरानातला हेक्टरभर तुकडा ग्रामस्थांनी तारेचं कुंपण घालून राखलाय. हा विद्यार्थी आणि त्याचे सात-आठ मित्र तीन वर्षांपासून तिथं माळाचं मूळ गवत परत यावं म्हणून राबतायत. पवन्या, मारवेल, कुसळी, त्यांच्या आडोशानं येणाऱ्या बारक्या शेंगवर्गी वनस्पती, असं सगळं. नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं, तरी माळ म्हणजे पडीक जमीन हा समज आमच्या भागातून अजून पुरता गेलेला नाही. म्हणून या पोरांचं मला फार कौतुक आहे, आणि म्हणूनच झालेली चूक नीट मांडायची आहे. त्यांनी वाईट हेतूनं काही केलं नव्हतं. त्यांच्याकडं यादी होती आणि यादीप्रमाणे त्यांनी काम केलं.

यादीचं शीर्षक होतं 'काढायच्या विदेशी वनस्पती'. गाजरगवत, घाणेरी, वेडी बाभूळ ही नावं ठीकच होती. शेवटी, वेगळ्या शाईनं, नंतर घातलेलं नाव होतं: रानमेथी (क्लोव्हर).

हे नाव तिथं आलं कसं? कुंपणाला लागून एका शेतकऱ्याची अर्धा एकर बरसीम, म्हणजे हिरव्या चाऱ्याचं पीक, आहे. दोन म्हशींसाठी त्यानं पहिल्यांदाच लावलेली. पहिल्या कापणीनंतर ती पिवळी पडायला लागली. त्याला वाटलं, गायरानातली रानमेथी बांधावरून आत येतेय आणि पिकाचं अन्न खातेय. त्यानं पोरांकडं तक्रार केली. पोरांनी शेततळ्याखालच्या पाझराच्या पट्ट्यातली तीन पानांची हिरवी गादी बघितली, फोनवरच्या ॲपनं फोटो ओळखून 'व्हाइट क्लोव्हर' असं सांगितलं, क्लोव्हर म्हणजे युरोपातला, म्हणजे विदेशी. एका सकाळी चार गुंठे उपटून झाले.

मग मेंढरं घेऊन जाणारे तात्या कुंपणापाशी थांबले. वय सत्तरीच्या पुढं, जन्म या माळावर गेलेला. "आवं, मेंढराच्या तोंडचा घास उपटायलेत की ही पोरं," म्हणाले. "ही पावसाळ्यापसनं हितंच असतीया. ती उंच वाढणारी रानमेथी येगळी. ती माझ्या बापाच्या वक्ताला हितं नव्हती." कुणीतरी हा शब्द गांभीर्यानं घेतला आणि मला फोन केला, हे बरं झालं.

रानमेथी या एका नावाखाली आपल्याकडं दोन वेगळ्या वनस्पती आहेत. एक जमिनीला चिकटून पसरणारी, डेस्मोडियम ट्रायफ्लोरम. दुसरी शेताकडेला कमरेपर्यंत उभी होणारी, पिवळ्या तुऱ्यांची मेलिलोटस इंडिकस, जिला उत्तरेत सेंजी म्हणतात. भरीस भर म्हणून दूधवाले लसूणघासाला मेथीघास म्हणतात, आणि त्या लसूणघासाचा लसणाशी काडीचा संबंध नाही. 'ल्यूसर्न'चंच ते आपल्या तोंडी रुळलेलं रूप. चौथी आपली भाजीची मेथी आहेच. लोकांची नावं चुकीची असतात असं मी म्हणणार नाही. तात्यांना दोन्ही रानमेथ्या अंधारातही वेगळ्या कळतील. पण नाव माणसाकडून सुटून कागदावर गेलं की त्याच्यामागची ओळख मागं राहते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. मंदिराच्या ओट्यावर वर्तमानपत्र अंथरलं आणि पोरांना सांगितलं, तीन पानांचं जे जे दिसेल ते मुळासकट, शक्यतो शेंगेसकट आणा. उपटलेल्या ढिगातलं, बांधावरचं, गव्हाच्या कडेचं, बरसीमच्या वाफ्यातलं, सगळं. अर्ध्या तासात सात प्रकार जमले. माझ्याकडं दहापट मोठं दाखवणारं भिंग होतं, बाकी काही नाही. एवढं साहित्य पुरतं.

सातातली एक तर लगेच बाजूला झाली. हृदयाच्या आकाराची तीन पानं, पाच पाकळ्यांचं पिवळं फूल, चावली की आंबट: आंबुशी. ती शेंगवर्गातलीच नाही. तरी क्लोव्हर म्हणून सगळ्यात जास्त फोटो तिचेच काढले जातात.

उरलेल्या सहांची पानांची कड आधी बघायला सांगितली. मी शिकवायचे तेव्हाही इथूनच सुरुवात करायचे, कारण फूल नसलं तरी पान असतंच. पानाची कड दातेरी आहे का, आणि पानातल्या शिरा थेट त्या दातांपर्यंत जातात का? बरसीम, लसूणघास, मेथी, सेंजी या सगळ्यांत तसं असतं. बरसीमचे दात फारच बारीक, भिंगाशिवाय दिसत नाहीत, पण असतात. माळावरच्या आपल्या शेंगवर्गी बारक्या वनस्पतींची कड साधी, गुळगुळीत. सहापैकी तीन दातेरी निघाल्या, तीन साध्या. उपटलेल्या ढिगातली सगळी साध्या कडेची होती. ढीग क्लोव्हरचा नाही, हे तिथंच ठरलं.

दातेरींमध्ये पुढची खूण मधल्या पर्णिकेची, म्हणजे तीन बारक्या पानांतल्या मधल्या पानाची. खऱ्या क्लोव्हरमध्ये, म्हणजे ट्रायफोलियममध्ये, बहुधा तिन्ही पर्णिका एकाच बिंदूतून फुटतात, तिघींचे देठ सारखेच आखूड. लसूणघास, मेथी, सेंजी यांच्यात मधल्या पर्णिकेला स्वतःचा थोडा लांब देठ असतो, ती इतर दोघींच्या पुढं उभी राहते. एका मुलीनं बरसीमचं पान आणि सेंजीचं पान शेजारी शेजारी नखावर ठेवलं आणि म्हणाली, "ही एका रांगेत उभ्यात, हिच्यातली मधली पाऊल पुढं टाकून उभीय." याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. मात्र ही खूण दातेरी गटाच्या आतच वापरायची. साध्या कडेच्या वनस्पतींतही मधली पर्णिका पुढं असते, तिथं ती काहीच सिद्ध करत नाही.

आणि मग शेंग. शेंग असेल तर बाकी वादच उरत नाही. क्लोव्हरची शेंग दिसतच नाही. फूल सुकलं तरी पाकळ्या झडत नाहीत, त्यांच्या आणि निदलपुंजाच्या, म्हणजे फुलाखालच्या हिरव्या वाटीच्या, आत एवढीशी शेंग दडून राहते. सेंजीची शेंग राईएवढी गोल, लांब तुऱ्यावर खाली लोंबणारी. गव्हाच्या कडेला सापडलेल्या तिसऱ्या दातेरी वनस्पतीची शेंग चकलीसारखी वेटोळी आणि कडेनं काटे. ती मेडिकॅगो, लसूणघासाच्याच वंशातली काटेरी बहीण. ती शेंग बघून तात्या एवढंच म्हणाले, "ही लोकरीत घुसती, कात्रताना तरास देती." ती जगभर कशी पसरली याचं अर्धं उत्तर त्या वाक्यात आहे. काट्यांनी लोकर धरायची आणि कळपाबरोबर गावं पालथी घालायची.

ढिगातल्या गादीची शेंग वेगळीच होती. एक कड सरळ, दुसरी कड खाचाखाचांची, तीन-चार मणी ओळीनं जोडल्यासारखी, आणि त्यावर आकड्यांसारखी लव. बोटावर ठेवून बोट उलटं केलं तर पडत नाही. मणी एकेक सुटून येतो. पर्णिकेचं टोक किंचित आत गेलेलं, फूल जांभळट गुलाबी, एकेका ठिकाणी एक ते तीन. डेस्मोडियम ट्रायफ्लोरम, तात्यांची पसरणारी रानमेथी. या मातीतली.

साध्या कडेची दुसरी होती बरबडा, इंडिगोफेरा ग्लँड्युलोसा, नीळ देणाऱ्या झाडाच्या वंशातली. जानेवारीत ती वाळत आलेली, आखूड चौधारी शेंगा धरलेली. या वंशाची खूण लवेत असते. केस मधोमध चिकटलेला, दोन्ही टोकं पानाला समांतर आडवी. भिंगाखाली पानावर कुणी बारीक काड्या पसरून ठेवल्यासारखं दिसतं. ही मूळची आपल्याकडचीच. दुष्काळात तिचं बी दळून लोकांनी भाकरी केलेली आहे. सोलापूर जिल्ह्यात हे वाक्य मी सहज लिहू शकत नाही. ते बरबड्याचं रोप पोरांच्या ढिगात होतं, विदेशी म्हणून उपटलेलं, आणि मला खरंच वाईट वाटलं.

तिसरी साध्या कडेची होती स्टायलो. निमुळत्या टोकदार पर्णिका, पिवळं फूल, आणि देठाच्या बुडाशी खोडाला वेढून बसणारी नळी. स्टायलोसँथेस हमाटा, मूळची कॅरिबियन समुद्राच्या आसपासची. कोरडवाहू चारा म्हणून आपल्याकडं ठिकठिकाणी गायरानांत, बांधांवर पेरली गेली. म्हणजे ढिगात खरोखरची परकी वनस्पती एकच होती, आणि ती क्लोव्हर नव्हती.

इथं पोरांचा स्वाभाविक प्रश्न आला. "मग मॅडम, देशी क्लोव्हर कोणता?"

सोलापुरात नाही. ट्रायफोलियमच्या जगात अडीचशेच्या आसपास जाती आहेत. भूमध्य समुद्राभोवती, उत्तर अमेरिकेत, पूर्व आफ्रिकेच्या उंच डोंगरांवर. आपल्या देशात हिमालयात पांढरा आणि लाल क्लोव्हर थंड उतारांवर वाढतो. दख्खनच्या पठारावर मूळचा एकही नाही. पांढऱ्या क्लोव्हरचं खोड जमिनीवर सरपटतं, पेराला मुळं धरतं, त्याला गारवा आणि ओल लागते. एप्रिल-मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या मुरमाड माळावर तो कसा राहील? ॲपनं पानाचा आकार बघितला, गाव बघितलं नाही.

आपल्याकडचा एकमेव ओळखीचा क्लोव्हर म्हणजे बरसीम. नावही अरबी. इजिप्तहून १९०४ साली ती सिंधमध्ये आली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, सोलापूरही. तरी तिला इथवर यायला थंडी आणि पाणी दोन्ही लागलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरला पेरायची, दीड-दोन महिन्यांनी पहिली कापणी, मग दर महिन्याला एक, उन्हाळा लागला की संपली. शेत सोडून माळावर गेलेली बरसीम मी चाळीस वर्षांत पाहिली नाही.

सेंजीबद्दल मात्र मी पोरांना घाई करू दिली नाही. ती भारताला नवी म्हणता येत नाही. हडप्पाकालीन वसाहतींच्या उत्खननात गहू-जवाबरोबर मेथी-सेंजीच्या गोतातल्या बिया सापडलेल्या आहेत. चार हजार वर्षं गव्हाच्या ओंब्यांसोबत चालत आलेल्या रोपाला आणि शंभर वर्षांपूर्वी पोत्यातून आलेल्या पिकाला एकाच रकान्यात 'विदेशी' लिहिणं मला पटत नाही. पण ती ओलिताच्या शेताची सोबतीण आहे, माळाची नव्हे. तात्यांच्या वडिलांच्या काळी इथं विहिरीवरचा गहू नव्हता, म्हणून तीही नव्हती. त्यांचं सांगणं शब्दशः बरोबर निघालं.

आता राहिली शेतकऱ्याची पिवळी बरसीम. या प्रकरणातला मला सगळ्यात मोलाचा वाटलेला भाग हाच.

आम्ही वाफ्यातली पाच-सहा रोपं खुरप्यानं मातीसकट काढली आणि बादलीत मुळं हलकेच धुतली. मुळं पांढरी, साफ. गाठी जवळजवळ नाहीतच. शेजारी त्याचाच चार गुंठे जुना लसूणघास होता, त्याची मुळं काढली तर गाठींनी लगडलेली. एक गाठ नखानं चिरली, आत गुलाबी. गुलाबी म्हणजे आतले जिवाणू हवेतला नत्र बांधतायत. तोच शेतकरी, तीच विहीर, तीच माती.

"बी पेरताना जिवाणू लावले होते का?" मी विचारलं.

"लावलेत की मॅडम. घासाचं कल्चर आणलं हुतं," म्हणत त्यानं गोठ्याच्या आढ्यात खोचलेलं रिकामं पाकीट काढून दिलं. त्यावर बारीक अक्षरात छापलेलं होतं: लसूणघास व मेथीसाठी.

शेंगवर्गाच्या मुळांवर गाठी करणारे जिवाणू सगळ्यांना चालत नाहीत. त्यांचेही गट आहेत. लसूणघास, मेथी, सेंजी, मेडिकॅगो यांचा एक गट. क्लोव्हरचा, म्हणजे बरसीमचा, वेगळा. आपल्या भागात मेथीची भाजी पिढ्यान्‌पिढ्या पिकते, त्यामुळं पहिल्या गटाचे जिवाणू ओलिताच्या मातीत आधीपासून हजर असतात आणि लसूणघासाला पाकीट नसतं तरी चाललं असतं. बरसीमचे जिवाणू मात्र त्या शेतात कधी आलेच नव्हते, कारण तिथं क्लोव्हर कधी वाढलाच नव्हता. त्याच्या पाकिटातले जिवाणू जिवंत होते, चांगले होते, फक्त बरसीमच्या ओळखीचे नव्हते. विकणाऱ्यानं घास म्हटलं की घासाचं दिलं. बांधावरून आलेल्या सेंजीनं काहीही खाल्लं नव्हतं.

डेस्मोडियम आणि बरबडा यांचा गट आणखी निराळा, चवळीचा. माळाच्या मातीत या गटाचे जिवाणू सगळीकडं असतात. आणि स्टायलोही याच जिवाणूंशी जुळवून घेते! हे कळल्यावर मला माळावरचं चित्र उलगडल्यासारखं झालं. बरसीम आणि स्टायलो दोघीही परक्या. एकीला दरवर्षी पाणी, पाकीट, पेरणी सगळं हातात द्यावं लागतं. दुसरीला या मातीत मुळाखाली सोबती आयतेच मिळतात, उन्हाचंही तिला भय नाही, म्हणून ती पेरलेला पट्टा सोडून पुढं सरकते. काळजी करायची ती हिची. गाठी बघून देशी-विदेशी ठरत नाही, तसा अर्थ कुणी काढू नये. पण परकी वनस्पती इथं टिकेल का, याचा अंदाज त्यातून येतो.

शेतकऱ्याला सांगितलं ते साधं होतं. यंदा कापणीनंतर पाण्याबरोबर थोडा युरिया दे. पुढच्या पेरणीला बरसीमचंच पाकीट घे, दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळ आणि सावलीत सुकव. पाकीट नाही मिळालं तर ज्याच्या शेतात बरसीम जोमात येते त्याच्या वाफ्यातली माती आणून टाक.

सेंजी आम्ही शेंगा धरायच्या आधी कुंपणाच्या आतून काढली. वाळताना तिला गोड वास येतो, तो तिच्यातल्या कौमारिन या द्रव्याचा. पोरं ती वाळवून गंज लावणार होती, मी थांबवलं. या गोतातला चारा ओलसर राहून बुरशी आली की कौमारिनपासून डायकौमारॉल तयार होतं आणि जनावराचं रक्त गोठायचं थांबतं. १९२० च्या दशकात कॅनडा-अमेरिकेत अशी गुरं रक्तस्राव होऊन मेली, आणि त्या शोधातूनच पुढं रक्त गोठू न देणारं वॉरफरिन हे औषध आलं. माझे यजमान हृदयाची झडप बदलल्यावर याच जातीच्या गोळीवर अकरा वर्षं होते. त्यामुळं हा गोड वास मला कधी नुसता वास वाटत नाही. सेंजी ताजीच, थोडी थोडी, इतर चाऱ्यात मिसळून म्हशींना घातली.

उपटलेल्या डेस्मोडियमच्या गाद्यांपैकी ज्यांच्या मुळांना माती होती त्या त्याच संध्याकाळी पाझराच्या कडेला परत दाबल्या. बहुतेक सुकल्या. जुलैत गेले तेव्हा मात्र तुटून जमिनीत राहिलेल्या जुन्या खोडांतून फूट आलेली होती, साधारण निम्म्या पट्ट्यात. त्या फुटीवर नखाएवढी निळी फुलपाखरं घोटाळत होती. एका कोवळ्या पर्णिकेवर अंडं चिकटवताना आम्ही पाहिलं, चपटं, फिकट हिरवट पांढरं. झिझिना ओटिस ही छोटी निळी डेस्मोडियमवर अंडी घालते. आंबुशीवर घालणारी निळी दुसरी, तिचं नाव स्यूडोझिझीरिया माहा. पोरांपैकी दोघांनी त्या दिवसापासून फुलपाखरांची वेगळी वही घातली.

स्टायलोवरून माझं आणि विद्यार्थ्याचं एकमत झालेलं नाही. माझं म्हणणं, राखलेल्या तुकड्यातून ती पूर्ण काढावी. त्याचं म्हणणं, गावातल्या शेळ्यांना उन्हाळ्याच्या तोंडाला तोच हिरवा चारा असतो, काढली तर कुंपणाची तारच जाईल. गाव त्याला ओळखतं, मला नाही, म्हणून त्याचा मार्ग मान्य केला. बांधावरची ठेवायची, आतली फुलाआधी कापून शेळ्यांना घालायची. दर पावसाळ्यात ती बांधापासून किती पावलं आत आली ते मोजतायत. पहिल्या वर्षी सहा पावलं आत आली.

डिसेंबरात त्या शेतकऱ्यानं विद्यार्थ्याच्या फोनवरून मला फोटो पाठवला. तळहातावर बरसीमचं धुतलेलं मूळ, आणि नखानं चिरलेली एक गाठ, आत गुलाबी. यादीही नवी झालीय. 'देशी' आणि 'विदेशी' या दोन रकान्यांच्या जागी आता 'कशी आली' आणि 'इथं स्वतःहून टिकते का' असे दोन रकाने आहेत. रानमेथी हे नाव दोनदा आहे. एकीच्या पुढं मण्यांची शेंग काढलीय, दुसरीच्या पुढं राईएवढ्या शेंगांचा तुरा. तात्यांना ती यादी दाखवली तेव्हा त्यांनी चित्रांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ती लोकरीत घुसणारी कुठं हाय?" चकलीसारखी शेंग त्यांच्यासमोरच काढून घेतली.